वजन माहीत असलेलं कुणीतरी

बजर वाजला तेव्हा मी लिफ्टमध्ये नीट उभीसुद्धा राहिले नव्हते.

आत सहा जण होते, मी सातवी. सहाच्या सहा जणांनी आधी वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मागच्या एकाने घसा खाकरला, एवढंच. मी एक पाऊल मागे घेतलं आणि बजर थांबला. इतका लगेच, की संशयाला जागाच उरली नाही.

"मला तसंही जिन्यानेच जायचं होतं," मी म्हणाले. दार तोवर बंद झालं होतं.

आमच्या इमारतीला सात मजले आणि मजल्याला बावीस पायऱ्या. माझी प्रयोगशाळा सातव्यावर, म्हणजे एकशे चौपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी रागाने चढले, तिसऱ्यापर्यंत हट्टाने. चौथ्यावर राग आणि हट्ट दोन्ही संपले आणि उरली नुसती धाप. अशा अवस्थेत कुणी बघू नये म्हणून मी भिंतीवरच्या नोटिशीसमोर उभी राहिले आणि परीक्षा असल्यासारखी ती वाचू लागले. आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. आग लागल्यास घाबरून जाऊ नये. आग लागल्यास...

"बसून वाचायची असेल तर स्टूल आहे."

मी दचकले. लिफ्टच्या बंद दारापाशी एक जण उकिडवा बसला होता. कानावर पेन्सिल, हातात टेप, आणि बोटं वंगणाने काळी. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण ते कुठेतरी जवळपास असावं असं वाटत होतं.

"नको," मी म्हणाले. "म्हणजे... होतच आलीय वाचून."

"सावकाश वाचा. सातवी सूचना चांगली आहे."

मी सातवी सूचना बघितली. 'गर्दी करू नये.' त्या मजल्यावर आम्ही दोघंच होतो.

"तुम्ही कोण?" मी विचारलं. उरलेल्या श्वासात तेवढंच मावत होतं.

"लिफ्टवाला. उद्यापासून पाच आठवडे लिफ्ट बंद. सगळं जुनं काढून नवं बसवायचंय. आज मापं घेतोय." त्याने टेप सर्रकन आत सोडली. "तुम्ही एक दिवस आधीच जिन्यावर आलात."

*

माझं काम असं, की दुकानं, दवाखाने, कारखाने यांच्याकडची वजनं आणि काटे आमच्याकडे तपासायला येतात. काटा खरं बोलतो की खोटं, आणि खोटं बोलत असला तर किती, हे आम्ही लिहून देतो. आमच्या साहेबांना सगळे दशांश सर म्हणतात, कारण "चहा किती वेळात येईल?" याचंही उत्तर त्यांना दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत लागतं. आमच्याकडे माशीच्या पंखापासून मोटरसायकलपर्यंत काहीही तोलता येतं. दोन वर्षं मी तिथे काम करत होते आणि त्यातल्या एकाही काट्यावर मी स्वतः कधी उभी राहिले नव्हते.

घरी माझ्या कपाटात एक खण होता. त्याचं नाव 'बारीक झाल्यावर'. त्यात एक लाल ड्रेस होता, पोहण्याचा एक पोशाख होता आणि मैत्रिणीच्या लग्नातले फोटो होते, जे मी अजून कुणाला दाखवले नव्हते. आई म्हणायची, "अगं, तू तुझ्या आत्यावर गेलीयस. हाडापेराने मजबूत. त्यात काय एवढं?" आत्याचं लग्न एकोणचाळिसाव्या वर्षी झालं होतं, म्हणून त्या वाक्याने मला फारसा धीर यायचा नाही.

पण बजर वाजला त्या संध्याकाळी मी एक वही काढली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात न थांबता चढलेल्या पायऱ्या, तिसऱ्यात वर पोचल्यावरची नाडी. चौथ्या रकान्यावर 'वजन' लिहिलं आणि तो मोकळा सोडला.

व्यायामशाळेत जायची माझी हिंमत नव्हती. तिथे आरसे असतात. मैदानावर ओळखीचे लोक असतात. जिना मात्र पावणेआठला अगदी रिकामा असायचा. बाकीचे लोक सव्वानऊनंतर कुरकुरत चढायचे. म्हणून मी पावणेआठला जायला लागले. वर, खाली, पुन्हा वर. चुकून कुणी भेटलंच तर कामाला निघाल्यासारखं दिसावं म्हणून हातात एक फाइल धरायचे.

जिना रिकामा असतो हा माझा अंदाज एका माणसाने चुकला. लिफ्टवाला साडेसातलाच येऊन बसलेला असायचा. लोकांची ये-जा सुरू व्हायच्या आत त्याला दारांची कामं उरकायची असायची.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "ही फाइल रोज वर जाते, खाली येते, परत वर जाते. कुणी सहीच करत नाही का?"

मी फाइल उघडून दाखवली. आत काहीच नव्हतं.

तो मोठ्याने हसला नाही. फक्त पान्हा खाली ठेवला, रुमालाने एक बोट पुसलं, आणि फाइलच्या आतल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लपेटदार सही केली. "घ्या. झालं तुमचं काम. आता मोकळ्या हाताने चढा, तोल नीट राहतो."

दुसऱ्या दिवसापासून मी फाइल नेली नाही. सहीचा पुठ्ठा मात्र कापून वहीत ठेवला. निरीक्षणाचा भाग म्हणून.

*

दुसऱ्या आठवड्यात तो आमच्या प्रयोगशाळेत आला. जुन्या लिफ्टच्या वजनाच्या यंत्रणेचा अहवाल त्याला करायचा होता आणि त्यासाठी खात्रीची वजनं हवी होती. दशांश सरांनी वीस-वीस किलोची वजनं द्यायला मला सांगितलं. तो आत येऊन काचेच्या कपाटातल्या चकचकीत एक किलोकडे बघत राहिला आणि दार उघडून हात पुढे केला...

"हात लावू नका!"

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बोटाचा ठसा उमटतो," मी जरा मऊ आवाजात म्हणाले. "ठशालाही वजन असतं. ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग. पण असतं."

"ठशाला?" त्याने स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला. "म्हणजे आपण कुठेही हात लावला की थोडे तिथेच राहतो?"

असा विचार मी कधी केला नव्हता. हातमोजे चढवण्याच्या निमित्ताने मी मान खाली घातली.

सातव्या मजल्यावर थांबवलेल्या लिफ्टमध्ये आम्ही वजनं मांडत गेलो. आत पाटी होती: आठ माणसं, ५४४ किलो. म्हणजे माणशी अडुसष्ट. चारशे वीस किलो झाले आणि बजर वाजला.

तो वहीत लिहिता लिहिता थांबला. "चारशे वीसला? हा तर जवळजवळ सव्वाशेने खोटं बोलतोय."

मी मनातल्या मनात हिशोब मांडला. सहा माणसं, अडुसष्टने चारशे आठ. त्या दिवशी तो मी यायच्या आधीच वाजायला टेकलेला होता. एखादं मांजर आत आलं असतं तरी वाजला असता.

"मापं घेत होतो तेव्हा ऐकला होता मी हा बजर," तो हळूच म्हणाला. "शाफ्टमधून खालचं सगळं वर ऐकू येतं. बजर वाजला, बंद झाला, आणि मग जिन्यावर पावलं आली. आधी आपटत, मग हळूहळू." आणि मग अगदी साध्या कुतूहलाने त्याने विचारलं, "तुम्ही काटे तपासता ना? मग त्या काट्यावर न तपासता विश्वास कसा ठेवलात?"

जगातल्या प्रत्येक काट्यावर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या काट्यावर तेवढा संशय घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चढायला गेले नाही. आता गरज काय, असं मनाला सांगितलं. सव्वानऊला सगळ्यांबरोबर गेले, तर चौथ्या मजल्यावर तो नव्हता. गर्दीच्या वेळी तो वर मशीनच्या खोलीत काम करायचा. स्टूल तेवढं भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. ते बघून मला जे झालं, त्याचं एकक मला माहीत नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पावणेआठला हजर होते. बजर खोटा होता, पण धाप खरी होती, असं मी वहीत लिहिलं. ते खरंच होतं. फक्त पूर्ण खरं नव्हतं.

*

"सातवा मजला आला," तो माझी पावलं ऐकून म्हणायचा. मला तो सातवा मजलाच म्हणायचा. मी चौथ्यावर थांबायचे, नोटिशीकडे तोंड करायचे, आणि आम्ही बोलायचो. चार-पाच मिनिटं. धाप जाईपर्यंत.

तो सांगायचा, की लिफ्ट दोराने वर ओढली जाते असं लोकांना वाटतं, पण दुसऱ्या टोकाला तितकंच वजन लटकत असतं, म्हणून ती हलकी होते. "एकटं कुणीच वर जात नाही," असं म्हणून तो स्क्रू शोधायला खाली वाकायचा. मी सांगायचे, की वजनं चिमट्याने कशी उचलतात, तराजूजवळ श्वास रोखून का बसावं लागतं. तो म्हणायचा, "म्हणून इथे एवढा सोडता होय? तिथला साठलेला!"

घरी आईने एकदा विचारलं, "लिफ्ट बंद आहे म्हणून लोक उशिरा जातात. तू दीड तास आधी जातेस. काय आहे काय तिथे?"

"पायऱ्या."

"पायऱ्यांना बघून कुणी केस धुऊन जात नाही," आई म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात एक भलतीच अडचण आली. एका मंगळवारी मी चौथ्या मजल्यावर पोचले आणि लक्षात आलं, की मला धाप लागलेली नाही. श्वास थोडा जलद होता, बस्स. पाय म्हणत होते, चला वर. वहीतल्या आकड्यांच्या दृष्टीने हा आनंदाचा क्षण होता. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, न थांबता!

पण मग थांबायचं कशासाठी?

तो लिफ्टच्या दारात वाकून काहीतरी घासत होता. त्याने अजून वर बघितलं नव्हतं. मी नोटिशीसमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि... हा... हा... असा दम सोडायला लागले.

"आज फार लागला का?" त्याने विचारलं.

"फार," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी रोज खोट्या धापा टाकत होते आणि वहीत खरे आकडे लिहीत होते. बुधवारी शंभर पायऱ्या, शुक्रवारी एकशे बत्तीस; या नोंदी दुसऱ्या फेरीतल्या, कारण पहिल्या फेरीत चौथ्यावर थांबणं भागच होतं. त्याला सांगायचं होतं पुष्कळ. पण कपाटातल्या खणात मी एक नवी गोष्ट ठेवली होती: त्याच्याशी बोलणं, बारीक झाल्यावर. आधी चौथा रकाना भरण्याजोगा होऊ दे. आधी एखादा बरा आकडा येऊ दे. मग.

काम मात्र संपत आलं होतं. एकेका मजल्याची दारं चकचकीत होत होती. पाचव्या आठवड्यात सगळे मजले झाले, तरी चौथ्यावरचं दार रोज उघडंच असायचं.

"याचं काय बिघडलंय?" मी विचारलं.

"नाजूक काम आहे," तो म्हणाला.

"मग इथून कुठे?"

"गावाच्या दुसऱ्या टोकाला. नऊ मजली इमारत आहे." त्याने दाराची कड बोटाने पुसली. "गुरुवारी तपासनीस येतात. ते पास म्हणाले की दुपारी सामान हलवायचं."

नऊ मजल्यांच्या किती पायऱ्या होतील, याचा मी उगाच हिशोब केला. बुधवारी रात्री वहीचा चौथा रकाना बघितला. पाच आठवडे, एकही आकडा नाही.

*

गुरुवारी तो चौथ्यावर नव्हता. मी तिथे क्षणभरच थांबले आणि थेट वर चढले. पहिल्याच फेरीत एकशे चौपन्न, न थांबता म्हणावं असंच, आणि सांगायला कुणी नाही... तर तो आमच्या प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभा. मागे नवी लिफ्ट, दार उघडं.

"वजनांची गाडी आली नाही," तो म्हणाला. "रस्त्यात बंद पडलीय. नऊला तपासनीस येणार आणि बजरची चाचणी राहिलीय. तुमच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, इथलीच वजनं तुमच्या देखरेखीखाली वापरा. तुमच्याकडे वीसची किती आहेत?"

"चोवीस. म्हणजे चारशे ऐंशी."

"आणि मला लागणार पाचशे चव्वेचाळीस बरोबर. तेवढ्याला वाजता कामा नये. चौसष्ट कमी पडतात." तो मानेवरून हात फिरवत म्हणाला, "मी बाहेर यंत्रापाशी हवा. आत कुणीतरी हवं. वजन माहीत असलेलं."

मजल्यावर दुसरं कुणीच नव्हतं. दशांश सर सव्वानऊला येतात, ९.१५ला, कधीही ९.१६ला नाही. मी 'जरा थांबू' म्हणू शकले असते. चाचणी राहिली असती, तपासनीस परत गेले असते, काम आणखी दोन-चार दिवस लांबलं असतं. मी हा विचार केला, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या पाच आठवड्यांच्या कामावर 'नापास' असा शिक्का, आणि तो माझ्या एका आकड्यामुळे?

मी प्रयोगशाळा उघडली. कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याचं बटण दाबलं. शून्य आलं. चपला काढल्या.

तो उंबऱ्यापाशी थांबून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिथे नोटीस नव्हती, तरी तो काहीतरी वाचल्यासारखं करत होता.

"मी बघत नाही," तो म्हणाला. "तुम्ही फक्त आकडा सांगा."

"आकडाच तर सांगायचा नसतो," मी म्हणाले आणि काट्यावर चढले. आकडे धावले, अडखळले, थांबले. आमचा काटा खोटं बोलत नाही. मीच त्याला तपासलेलं आहे.

"एक्क्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम," मी म्हणाले. मोठ्याने, एका दमात.

काहीच झालं नाही. छत जागेवर होतं. तो वळला, कानावरची पेन्सिल काढली आणि तळहातावर लिहिलं. "तेवीस वजनांचे चारशे साठ. अधिक एक्क्याऐंशी सहाशे. उरले..."

"दोन किलो चारशे. एक दोन किलोचं आणि दोन दोनशे ग्रॅमची. आणते." मी कपाटाकडे वळले. "बरोबर पाचशे चव्वेचाळीस."

"एवढं बरोबर मला कुणीच कधी दिलं नव्हतं," तो म्हणाला.

आम्ही वजनं मांडली. मी हातमोजे चढवून, छोटी वजनं घेऊन मध्ये उभी राहिले. बजर गप्प. त्याने चोविसावं वजन आत सरकवलं. अजूनही गप्प; मर्यादेपेक्षा दहा टक्के जास्त होईपर्यंत तो गप्पच राहायला हवा होता.

"आता वाजायला लावतो," तो बाहेरून म्हणाला. "जड काहीतरी... थांब. हलू नकोस."

'थांब'. 'हलू नकोस'. पाच आठवड्यांच्या 'तुम्ही'नंतरचा तो पहिला 'तू' होता. त्याच्याही ते लक्षात आलं, कारण त्याचे कान लाल झाले.

मग इकडेतिकडे बघत, दुसरं काही सापडत नाही असं दाखवत, तो स्वतः आत आला.

बजर वाजला. नवा, खणखणीत, सातही मजल्यांवर घुमणारा.

"वाजला!" तो म्हणाला.

"काय?"

"वाजला म्हटलं! पास! आता कुणीतरी उतरायला हवं!"

मी दाराकडे बघितलं. पाच आठवड्यांपूर्वी अशाच आवाजात मी एक पाऊल मागे घेतलं होतं. आज पाय हलले नाहीत. त्याचेही नाहीत.

"मला धाप लागत नाही!" मी ओरडले.

"काय?"

"चौथ्या मजल्यावर! दीड आठवडा झाला! मला धापच लागत नाही!"

"माहितीय!" तोही ओरडला. "पावलांवरून कळतं! खरी दमलेली पावलं तशी वाजत नाहीत!"

"मग बोलला का नाहीस?"

"चौथ्या मजल्याचं दार मागच्या शुक्रवारीच झालं होतं!"

बजर वाजत होता. मी हसत होते, आणि हातातली दोनशे-दोनशे ग्रॅमची वजनं एकमेकांवर किणकिणत होती. खालून पहारेकऱ्याचा आवाज आला, "अहो, कुणी अडकलंय का वर?"

"नाही!" आम्ही एकदमच म्हणालो.

मग तो बाहेर पडला आणि अचानक सगळं शांत झालं. त्या शांततेत मला माझं वाक्य सांगायचं होतं. मी ते वजन कमी झाल्यावर सांगणार होते, पण आकडा आता त्याच्या तळहातावर लिहिलेला होता. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"त्या नऊ मजली इमारतीचा जिना कसा आहे?" मी विचारलं.

"उंच आहे. एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या." म्हणजे त्यानेही मोजल्या होत्या. "रविवारी इमारत बंद असते. जिना मात्र उघडा असतो. मी सात वाजता असतो तिथे."

"मी येईन. पण मधे थांबेन. धाप लागो, न लागो."

"पाचव्या मजल्यावर स्टूल ठेवतो," तो म्हणाला आणि बाहेर यायला मला हात दिला.

तपासनीस आले, पास म्हणाले. दुपारी त्याचं सामान गेलं. लोक लिफ्टने वर-खाली करू लागले आणि संध्याकाळी मी जिन्याने उतरले. चौथ्या मजल्यावर नोटीस होती, स्टूल नव्हतं. मी तरीही थांबले.

घरी येऊन वहीचा चौथा रकाना भरला: ८१.६०. मग हात धुवायला गेले तेव्हा दिसलं, की मनगटावर वंगणाचा एक काळा अंगठा उमटलाय. रेषान् रेष स्पष्ट. ग्रॅमचे काही दशलक्षांश भाग.

मी नळ बंद केला. रविवारला अजून तीन दिवस होते.